दुसऱ्या सबवूफरची व्यवस्था

मी, कुलदीप हरेश मढवी, वय सव्वीस, राहणार कोपरखैरणे गाव, नवी मुंबई, सध्याचे काम कुरिअर पोचवणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी पाजलेले नाही आणि धमकावलेलेही नाही. पुढच्या आठवड्यात मी मोटारसायकलने अरुणाचलला निघतोय. मागच्या खेपेला घाटात पुढचा ट्रक डोळ्यांदेखत खाली गेला, तेव्हापासून हे मनात होते. जागृतीताई हसली. म्हणाली, "मृत्युपत्र? दीप्या, तुझ्याकडे आहे काय वाटायला?" आहे. खाली वाचावे.

१. घर वडिलांचे आहे. आई गेल्यापासून तिथे बाबा, ताई आणि अधूनमधून मी. मला एका जागी झोप लागत नाही, तेव्हा घराबद्दल मी काही लिहीत नाही. बँकेत जे असेल ते बाबांचे.

२. मोटारसायकल आत्येभाऊ धर्मराजला. पण माझा तंबू कुठे गेला हे त्याने आधी खरे सांगावे. मनालीत वाऱ्याने नेला म्हणतो. वारा तंबू नेईल, खुंट्या पिशवीत भरून नेतो काय? थंडीत मी पेट्रोल पंपावर झोपलो. असो. सोल्डरिंग गन आणि मीटर सानपाड्याच्या उदयसिंहला, त्याच्या दुकानातच मी ते हातात धरायला शिकलो. आयटीआयमध्ये शिकायला हवे होते, पण मला तिथे बसवले नाही.

३. स्टिरिओ, दोन स्पीकर आणि पहिला सबवूफर बाबांना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सबवूफर म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारा डबा. बाबा तुर्भ्याला कारखान्यात प्रेस मशीनवर होते, कान तिथेच गेले. त्याआधी गावात हळद कुणाचीही असो, नाचायला पहिले बाबा. हा डबा आणला आणि त्यांच्या खुर्चीच्या कोपऱ्यात आवाज असा गोळा व्हायला लागला की ते अनवाणी बसून पायांनी गाणे ओळखायचे. डोळे मिटून, बोटे हलवत.

४. दुसरा सबवूफर जागृतीताईला. हा मी उदयसिंहच्या सांगण्यावरून त्याच्याच दुकानातून आणला. तो म्हणाला, "एकाने एका कोपऱ्यात धडधड होते आणि मधे काहीच नाही. समोरासमोर दोन लाव भाई, पूर्ण खोलीत सारखा आवाज." बरोबर बोलला. सारखा झाला. पण कोपऱ्यात गोळा होणारा आवाज पसरून गेला. बाबा दोन दिवस खुर्चीत बसले, मग म्हणाले, "तुजा दुसरा डबा आला न माजा ढोल गेला. पायाला कायच लागत नाय."

मी तो काढायला गेलो तर ताई उठली. "मी दिवसभर खोलीच्या मधोमध मशीनवर बसते, ब्लाऊज शिवते. एक डबा असला की मला नुसती चिरचिर. मी पण या घरातच राहते ना?" तिचेही खरे आहे. मी तर वर्षातून आठ महिने बाहेर. म्हणून दुसरा तिचा. एवढीच विनंती की बाबा खुर्चीत बसले की तिने तो बंद ठेवावा. विनंती आहे, अट नाही.

५. साक्षीदार. एक दिपेश भोईर, वाशीत वकिलाकडे टायपिंग करतो. दुसऱ्या म्हणून शेजारच्या संध्याकाकू ठरल्या होत्या, पण कागद कसला ते कळल्यावर "अगं बाई, अभद्र" म्हणून त्यांनी दार लावले. ताई म्हणाली, "आण, मी करते सही." दिपेश म्हणाला, "तुला नाय चालणार, ताई. ज्याला मिळतंय त्याने साक्षीला बसायचं नसतं."

ताईने कागद ओढून घेतला आणि कलम चार वाचले. गाणे चालू होते. बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते, पाय नुसते ठेवलेले.

"माझं नाव खोड," ती म्हणाली.

"अगं, पण हे मी मेल्यावरचं आहे."

"मग वायर आत्ता काढ. तुझ्या मरणाची वाट कुठे बघत बसू?"

सबब कलम ४ मी माझ्या हाताने खोडले असून बाजूला सही केली आहे. दुसरा सबवूफर उदयसिंहने परत न्यावा, आणि माझ्या मृत्यूची वाट न बघता उद्याच न्यावा. वायर काढली आहे. बाबांनी आधी पायांकडे पाहिले, मग ताईकडे. "हलद कोनाची हाय गो?" म्हणाले. हे लिहितोय तेव्हा ते बसल्या बसल्या नाचत आहेत, आणि ताई मशीन बंद करून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आहे.

वरचे सगळे वाचून, समजून मी आमच्याच ओटीवर सही केली.

लिहून ठेवणार: कुलदीप हरेश मढवी

साक्षीदार:
१. दिपेश नरेश भोईर
२. जागृती हरेश मढवी (या कागदाने मला काही मिळत नाही)

ठिकाण: कोपरखैरणे गाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५