मुंबईला निघालेले गाठोडे

महाल, नागपूर
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९५७

सौभाग्यवती प्रेमलताबाई यांना चंद्रकलेचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. सासूबाईंचे गुडघे थंडीत दुखायचे तसेच दुखतात, ह्यांचा खोकला संक्रांतीनंतर उतरणीला लागला आहे, आणि मी जाड झालेली नाही नि बारीकही झालेली नाही. तुमच्याकडे सर्वांची प्रकृती कशी आहे? केशवरावांना मुंबईचे पाणी मानवले का? (प्रेमे, ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ इथपर्यंतच. तुझी पत्रे केशवराव आधी उघडतात हे मला ठाऊक आहे, पण पहिल्या परिच्छेदानंतर त्यांना कंटाळा येतो, हेही तूच सांगितले आहेस. आता आपण दोघीच.)

नागपूरची राजधानी गेली आणि तिच्याबरोबर केशवरावांचे टेबल, खुर्ची नि तू मुंबईला गेलीस, त्याला आता तीन महिने झाले. दिवाळीनंतरच्या पत्रात तू एक वाक्य लिहिले होतेस. तुला आठवणारही नाही. तू लिहिलेस, ‘स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहून मान डावीकडे वाकडी केली की दोन घरांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसते, आपल्या पाटाएवढी रुंद.’ त्या एका वाक्यावर मी सगळा हिवाळा काढला. मी त्रेचाळीस वर्षांची झाले आणि अजून समुद्र पाहिलेला नाही. अंबाझरी तलावाच्या बांधावर बसून आपण शाळेत असताना म्हणायचो, की समुद्र म्हणजे हेच, फक्त पलीकडचा काठ काढून टाकायचा. तेव्हापासून मी तो काठ काढून टाकायचा प्रयत्न करते आहे, पण डोळे मिटले तरी पलीकडे कुणीतरी म्हशी धूत असतेच. आताशा भाजी चिरताना माझी मान आपोआप डावीकडे वळते. आमच्या स्वयंपाकघराच्या डावीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे. तरी मी पाहत राहते.

तर मी ठरवले, की दोन दिवसांसाठी मुंबईला जायचे. शनिवार आणि रविवार, बस्स. देवदर्शन नाही, लग्न नाही, बाळंतपण नाही. हे कारण घरात सांगणे फार कठीण गेले, कारण कारणच नव्हते. सासूबाईंनी तीनदा विचारले, “अगं, पण तिथे आहे काय?” मी म्हटले, “समुद्र.” त्या म्हणाल्या, “तो कुठे जातोय?” (खरे आहे. पण मीही कुठे जात नाही, मग आमची भेट व्हायची कशी?) शेवटी आमच्या डॉक्टरांनी सहज म्हटलेला ‘हवापालट’ हा शब्द मी पुढे केला आणि काम झाले. ह्यांनी तर रेल्वेचे वेळापत्रक काढून लाल पेन्सिलीने खुणाही केल्या. शुक्रवारी निघायचे, शनिवारी सकाळी पोहोचायचे, रविवारी संध्याकाळी परत गाडीत. मी एका कागदावर मुंबई काढली. एका कडेला समुद्र, त्याच्या काठी तुझी खिडकी, खिडकीत तू, आणि बाकीच्या शहरासाठी कागदावर जागा उरली नाही. दोन दिवस मला कुणी सूनबाई, वहिनी, काकू म्हणणार नाही. उषा सासरी गेल्यापासून तर ‘आई’ हाकसुद्धा महिन्यातून एकदा पत्राने येते. मला चंदे म्हणणारे माणूस आता जगात एकच उरले आहे, आणि ते समुद्राकाठी राहते.

पण सासूबाईंनी पंचांग उघडले. तुला सांगायला नको, शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. मुंबई पश्चिमेला. शुक्रवारी निघाल्याशिवाय शनिवारी पोहोचता येत नाही आणि शुक्रवारी पश्चिमेला जाता येत नाही. म्हणजे आमच्या घरातल्या माणसाला शनिवार-रविवार मुंबईला जाण्याची सोय शास्त्रात नाही. मग तोडगा निघाला: आदल्या दिवशी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचे. गुरुवारी, चोवीस जानेवारीला, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझे गाठोडे बांधले. माझी निळी साडी, हळदकुंकवाची पुडी, सुपारी, मूठभर तांदूळ. आणि ते पश्चिमेकडच्या शेजारणीकडे, वच्छलाबाईंकडे, नेऊन ठेवले. गाठोडे निघाले म्हणजे मी निघाले. आता शुक्रवारी मी फक्त त्याच्या मागून जायचे. एकदा ठेवलेले प्रस्थान मात्र परत घरात आणायचे नाही आणि निघेपर्यंत सोडायचेही नाही.

शुक्रवारी दुपारी मधुसूदनभाऊजी आले. हे माझे चुलतदीर, मला मुंबईपर्यंत सोबत तेच करणार होते. निवडणुकीच्या कामाला जुंपल्यामुळे त्यांची रजा रद्द झाली होती. ह्यांचीही तीच गत, मतदारांच्या याद्यांतून मान वर निघत नाही. सोबत नाही म्हणून जाणे पुढे ढकलले. पुढचा मुहूर्त पाहायला सासूबाई पंचांग शोधू लागल्या. देवघरात नाही, उशाखाली नाही, फडताळात नाही. तासाभराने त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिले. चोवीस तारखेची वेळ पाहून त्यांनी पंचांग निळ्या साडीच्या घडीवर ठेवले होते आणि गाठोड्याची गाठ मारली होती. ते सोडावे की नाही, हे पंचांगात पाहायला हवे होते, आणि पंचांग गाठोड्यात होते! (ह्यांनी शेजाऱ्यांचे पंचांग आणून दिले. ते दुसऱ्या मताचे निघाले. सासूबाईंनी त्याला हातसुद्धा लावला नाही.)

एवढ्यावर भागले असते. पण सामान्य माणसाचे प्रस्थान पाच दिवसच टिकते म्हणे, राजाचे दहा दिवस. मला दहा दिवसांपुरते राजा धरता येईल का, असे मी विचारूनही पाहिले. तोडगा वच्छलाबाईंनी काढला. त्यांच्या घरी हातमाग आहे, आणि विणकराच्या घरी कुठल्याही गुंत्याला टोक असतेच असे त्या मानतात. त्या म्हणाल्या, “परत नाही आणाचं नं? तं पुढं ढकला! एक घर पुढं गेलं म्हणजे पुन्हा पाच दिस भेटले.” सासूबाईंना हे एकदम पटले. तेव्हापासून माझे गाठोडे पश्चिमेला चालले आहे. मंगळवारी ते मारोतराव शिंप्यांकडे गेले आणि त्यांच्या यंत्राशेजारी इतर कपड्यांत बसले. (दोन गिऱ्हाइकांनी ते आपले म्हणून मागितले.) काल सकाळी ते तिसऱ्या मुक्कामाला गेले, रुपरावांच्या पिठाच्या गिरणीत. मी पाहून आले. पांढरे झाले आहे, प्रवासाने थकल्यासारखे दिसते. या चालीने माझ्या आधी तेच तुझ्याकडे पोहोचेल. कुणी पिठाने माखलेले दारात दिसले तर आत घे.

गल्लीतल्या काही जणींना आता मी मुंबईला जाऊन आले असेच वाटते. परवा पाणी भरताना रुखमाबाईंनी विचारले, “केव्हा आली वं मुंबईहून? चांगली उजळली तू.” मी गेलेच नाही असे सांगणार होते, पण त्या इतक्या आनंदाने पाहत होत्या की मी म्हटले, हवा चांगली आहे तिथली.

आणि प्रेमे, ते अगदीच खोटे नव्हते. पहिले पाच दिवस मी रोज दुपारी गाठोडे पाहायला म्हणून वच्छलाबाईंकडे जात होते. ते गेले तरी पाय तिकडेच वळतात. त्यांचा माग चालू असतो. धोटा इकडून तिकडे जातो, फळी आपटते, थोडे थांबते, पुन्हा आपटते. मी भिंतीला टेकून डोळे मिटते. समोर निळे सूत ताणलेले असते, दाराच्या उन्हात ते हलते, आणि आपटण्याच्या दोन आवाजांच्या मध्ये जी जागा असते तिथे मी बसून राहते. समुद्र असाच श्वास घेत असेल का गं? वच्छलाबाई माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मला तू म्हणतात. एकदा माग थांबवून म्हणाल्या, “काहून वं, इथं बसून राहिली अन् मन कुठं फिरून राहिलं तुयं?” मी म्हटले, समुद्र कसा असेल ते पाहते आहे. त्या हसल्या. “मले तं वाटते, लय मोठं लुगडं असन, काठच नाही त्याले.” आणि पुन्हा विणायला लागल्या.

काल जेवताना ह्यांनी ताटावरून मान वर न करता विचारले, “सोबत काही मिळायची नाही आता. बायकांच्या डब्यात बसवून दिले तर एकटी जाशील?” त्यांचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मी ‘हो’ म्हटले. इतक्या जोरात, की सासूबाई दुसऱ्या खोलीतून काय पडले म्हणून पाहायला आल्या. संसाराच्या बावीस वर्षांत मी एकटी जवळच्या कळमेश्वरलासुद्धा गेले नाही. हे माझ्याकडे नव्याने पाहत म्हणाले, “बरं.” तेव्हा पंधरा तारखेचा शुक्रवार ठरला आहे. शनिवारी सकाळी मी दादरला उतरेन. मला काही दाखवायला नेऊ नकोस. खिडकीपाशी एक पाट टाक, चहा कर, आणि तू तुझे काम करत राहा.

मुलांना आशीर्वाद, केशवरावांना नमस्कार (ते इथपर्यंत आले असतील तर विशेष नमस्कार).

तुझी,
चंदी

ता. क. तुला संत्री किती आणू? नरखेडच्या बागांचा बार आता उतरेल. शिवाय गल्लीतल्या सात घरांनी मुंबईच्या आपापल्या नातलगांसाठी पुड्या बांधून ठेवल्या आहेत. ते सगळे तुझ्या घराजवळच राहतात असे त्यांना वाटते.

ता. क. दुसरा. सगळे लिहून झाले आणि लक्षात आले, मी तुला विचारलेलेच नाही. दिशा विचारून झाली, वार विचारून झाला, सगळी गल्ली विचारून झाली. तुम्ही दोन खोल्यांत पाच माणसे आहात आणि तू मला ‘ये’ असे एकदाही लिहिलेले नाहीस. दिवाळीच्या पत्रात फक्त खिडकी होती. मी खिडकीलाच आमंत्रण समजले. तेव्हा एवढे कर. सोयीचे असेल तर पोस्टकार्ड पाठव, कारण ते आमच्याकडे पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे वाचतात, आणि मोठ्या अक्षरात ‘नक्की ये’ असे लिही. अडचणीचे असेल तर लिफाफा पाठव. तो मी एकटी वाचेन. कारण लिहू नकोस, कोरा असला तरी चालेल. घरी मी सांगेन की मलाच आता जावेसे वाटत नाही. तुझे नाव कुठेही येणार नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. काहीच आले नाही, तर पोस्टकार्ड वाटेत हरवले असे समजून मी शुक्रवारी निघेन.