ल्युती म्हणजे फेब्रुवारी

ब्यालिस्तोक, ३ जानेवारी २०२४

ती. यानीनाताईस,
सा. न. वि. वि.

स्टेफामावशीच्या हाती पाठवलेल्या वाळवलेल्या अळंब्या पोचल्या. आमच्या गिटारवाल्याने अर्ध्या सूपमध्ये संपवल्या आणि वर विचारतो, ताईचं लग्न झालंय का!

पुढच्या महिन्यात 'पिरनिक'ला पंधरा वर्षं होतील. आजोबा बटाट्यातल्या ज्या तणाला शिव्या घालायचे, त्याच्याच नावाचा आपला बँड इतका टिकला. इथे कार्यक्रम करतोय. शेवटी 'ल्युती' वाजवू. त्याच गाण्यापायी मिन्स्कचा कार्यक्रम रद्द झाला, पुन्हा परवानगी मिळाली नाही आणि देश सुटला. भाषांतरात घोळ घालणाऱ्या आपल्या ड्रमरला, ल्यावोनला, मी काढलं, ते बरंच केलं. आता ड्रम्सवर दातांचे एक पोलिश डॉक्टर आहेत.

ल्यावोन दिसतो का गं कधी?

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा वितौत


स्लोनिम, १९ जानेवारी

चि. वितौत यास,
अनेक आशीर्वाद.

गिटारवाल्याला सांग, ताईला नवरा नको, डॉक्टर चालेल, दाढ दुखतेय.

ल्यावोन दिसतो. दर वसंतात माझे बटाटे लावून देतो आणि चहाही न घेता जातो. का, ते नऊ वर्षं तुला सांगायचं राहिलंय.

परवानगी देणाऱ्या साहेबांना गाण्यांचं रशियन भाषांतर हवं होतं. ल्यावोनने हाताने लिहिलेलं मी वाचनालयात, माझ्या नोकरीच्या जागी, टाइप केलं. 'ल्युती'पुढे त्याने 'फेब्रुवारी' असंच लिहिलं होतं. दिवसभर रशियनमध्ये काम करणारी मी, आणि रशियनमध्ये 'ल्युती' म्हणजे फक्त क्रूर. मला वाटलं, त्याची चूक झाली. मी 'क्रूर' केलं. 'क्रूरा, निघ आमच्या घरातून' असं वाचल्यावर, गाणं सरकारवरच आहे, याशिवाय साहेब दुसरं काय समजणार?

तू सगळ्यांसमोर त्याला झापलंस, तेव्हा मी दाराशी होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माझी नोकरी वाचली. मी गप्प बसले.

राग ओसरला, तरच लोभ ठेव.
यानीना


ब्यालिस्तोक, ३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्यावर रागावायला मला तोंड नाही.

आपल्या भाषेत त्या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, फेब्रुवारी आणि क्रूर, हे धरूनच मी तो निवडला होता. साहेबांनी महिना वाचावा आणि पोरांनी दुसरं ऐकावं, अशी माझी हुशारी. ती बँडमध्ये कुणालाच सांगितली नाही. तू चुकली नाहीस, मी लिहिलं होतं तेच तू टाइप केलंस. सापडलो मी, आणि घालवलं त्याला.

मला तिकडे येता येत नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव. यायला तयार असेल, तर डॉक्टर आनंदाने जागा सोडतील.

तुम्हा दोघांचा लोभ मागायची लाज वाटते.
वितौत


स्लोनिम, ९ फेब्रुवारी

चि. वितौत यास,
अनेक आशीर्वाद.

ल्यावोनला पत्र दाखवलं. अंगणातला बर्फ ओढता ओढता थांबून वाचलं त्याने. मग हसला आणि म्हणाला, की तुझा भाऊ गातो बरा, पण कानाने बहिरा आहे. दोन्ही अर्थ त्याला पहिल्याच तालमीत कळले होते. म्हणूनच त्या शब्दावर तो दोन ठोके द्यायचा. इतकी वर्षं त्याच्यापुढे उभा राहून गायलास, तरी तुला ते कळले नाहीत.

येणार नाही म्हणाला. डॉक्टरांना मात्र निरोप आहे, त्या शब्दावर दोन ठोके द्या, एक नाही.

त्या दिवशी पहिल्यांदाच तो माझ्याकडे चहा प्यायला. सगळा वेळ मला वर बघवलं नाही.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे.
यानीना