विझला तर विझला

साडूभाऊ बुद्धभूषणराव यांस,
सप्रेम जय भीम.

रविवारच्या स्पर्धेचं निमंत्रण पोचलं. मी येणार नाही. संध्याकाळी अंगणात पाईप ओढणं हा माझा एकुलता एक शौक. तुमच्या धूम्रानंद मंडळानं त्याची परीक्षा करून टाकली. ज्याचा पाईप आधी विझेल त्यानं सगळ्यांना मिसळ चारायची! शेवटी मी घरीही घड्याळ लावून ओढायला लागलो, तेव्हा तुमची मेहुणी प्रीती म्हणाली, "अवं, धूर काढताय का पेपर लिवताय?" त्या दिवशी पाईप कपाटात गेला.

आपलं जुनं न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, सांगतं, धूर दिसला की तिथं अग्नी असणारच. तुमच्या मंडळानं तेही खोटं पाडलं: तिथं धूर भरपूर, पण आवडीचा अग्नी कुठंच नाही. आणि तंबाखूत तुम्हाला जुन्या चामड्याचा जो सुगंध येतो ना, तो दारातल्या चपलांचा असतो.

परवा बिद्रीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो. प्रीतीनं गुपचूप पिशवीत टाकलेला पाईप हाताला लागला. बांधावर बसून पेटवला. ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "पावणं, इझला की तुमचा!"

"इझू दे की," मी म्हणालो आणि सावकाश पुन्हा पेटवला. कित्येक महिन्यांनी तंबाखूची चव लागली.

आत्ताही तो विझलाय, आणि काड्यापेटी संपलीय. तेव्हा हे पत्र तुम्हाला धाडण्यापेक्षा त्याची सुरळी करून गॅसवर धरतो आणि पाईप पेटवतो. निदान या धुरामागं तरी अग्नी असेल.

मंडळाचा कायमचा नापास,
रत्नाकर