श्रीमंतचा टॉवर आणि माझं डोकं

१२ मार्च
श्रीमंतला सोडायचा नाही. निर्णय पक्का. राग थंड होऊ नये म्हणून लिहून ठेवतोय.

श्रीमंत माझा चुलतभाऊ, घराला घर लागून. आज त्याच्या गच्चीवर मोबाईल टॉवरचं लोखंड चढलं. खरं तर कंपनीची माणसं जानेवारीत आधी माझ्याच गच्चीवर आली होती. टेप लावून मोजमाप घेतलं, माझ्या बायकोच्या, कलाबाईच्या हातचा चहा प्यायले, जागा फर्स्टक्लास आहे म्हणाले. मी तर मनातल्या मनात टॉवर उभासुद्धा केला होता. शिंगणापुरात येणाऱ्या माणसाला लांबून पहिलं दिसणार ते माझं, सहादेवचं घर. आणि आता हे. मधल्या मध्ये श्रीमंतनं काय चक्रं फिरवली, त्याचं त्याला माहीत. मला साधं विचारलंसुद्धा नाही. आणि हा माणूस रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून चहा पितो.

उद्यापासून त्याला चहा बंद.

१३ मार्च
श्रीमंत आला. चहा दिला. पण तो कलाबाईनं दिला, मी नाही. मी सगळा वेळ मोबाईलमध्ये तोंड घालून बसलो. त्याला चांगलंच झोंबलं असणार. तसं दाखवलं मात्र नाही, 'येतो दादा' म्हणून नेहमीसारखा गेला. आतल्या गाठीचा आहे.

१४ मार्च, संध्याकाळ
हत्यार सापडलं. रेडिएशन.

जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत व्हिडिओ बघितले. टॉवरमुळे झोप जाते, पित्त वाढतं, माणूस विसरभोळा होतो. सांगणाऱ्यानं पांढरा कोट घातला होता, म्हणजे डॉक्टरच असणार. दुसऱ्या एका व्हिडिओत एक बाई सांगत होत्या, अजून ठाम असं काही सिद्ध झालेलं नाही, अभ्यास सुरू आहे. तो बंद केला.

बघता बघता डोकं ठणकायला लागलं. डोळे चुरचुरतात, मान आखडली. म्हणजे सगळं खरं आहे.

१५ मार्च
प्लॅन तयार. लोकांच्या आरोग्यासाठी टॉवर काढायला लावायचा. म्हणजे श्रीमंतचं नाक कापलं जाईल आणि आपण गावाचं भलं केलं असंही होईल. मला वैयक्तिक काही नको. फक्त टॉवर उतरवताना श्रीमंतचं तोंड समोरून बघायचंय.

१८ मार्च
सोनईला डॉक्टरांकडे जाऊन आलो. टॉवरमुळे डोकं दुखतं असं कागदावर द्या म्हटलं. त्यांनी बीपी तपासलं, मोबाईल दिवसभरात किती बघता विचारलं. मी म्हटलं, फक्त रेडिएशनच्या अभ्यासापुरता. ते म्हणाले, अभ्यास कमी करा, मीठ कमी करा, झोपताना फोन उशीखाली घेऊ नका.

दवाखान्याच्या खिडकीतून एक टॉवर दिसतो. म्हणजे डॉक्टर कंपनीला मिळालेले.

२० मार्च
टॉवरवर चढलेल्या माणसाला खालून ओरडून विचारलं, किती रेडिएशन सोडताय. तो म्हणाला, काका, अजून चालूच नाही, पुढच्या आठवड्यात करंट जोडणार.

घरी येऊन विचार केला. डोकं तर आठवडाभर दुखतंय. म्हणजे माझं शरीर इतकं नाजूक आहे की येणारं रेडिएशन त्याला आधीच कळतं. असे लोक फार थोडे असतात.

२२ मार्च
आजपासून मोबाईल वापरणार नाही. शत्रूचं हत्यार आपल्या हातात कशाला.

अपवाद: दुकान. माझं पूजेच्या सामानाचं दुकान. तेल, रुईच्या माळा, काळं कापड, घोड्याची नाल. भाविक पैसे मोबाईलवर टाकतात, ते आले की नाही बघावं लागतं. दुसरा अपवाद: अश्विनीचा फोन, लेक आहे. तिसरा: रेडिएशनचे व्हिडिओ. चौथा अपवाद क्रिकेट, पण तो फक्त आजच्यापुरता.

२५ मार्च
घराच्या रक्षणाची व्यवस्था केली.

आमच्या गावात घरांना दारं नसतात. शनिदेवाची राखण असते. चौकटीला पडदा चालतो, कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी फळी चालते. पण रेडिएशन पडद्याला दाद देत नाही, आणि आमची चौकट नेमकी श्रीमंतच्या घराकडे तोंड करून. म्हणून फॅब्रिकेशनवाल्या बन्सीकडून चौकटीच्या मापाचा जाड पत्रा करून घेतला. नुसता ठोकला असता तर आम्ही आत-बाहेर कसं करायचं? तेव्हा एका बाजूनं बिजागऱ्या. बन्सी काम करता करता थांबला. म्हणाला, दादा, हे दार हुतंय. मी म्हटलं, दार कुलपासाठी असतं. हा पत्रा आहे, कुत्र्याच्या फळीसारखा. फक्त हे कुत्रं दिसत नाही.

बन्सीनं पैसे घेतले पण पत्र्याकडे परत बघितलं नाही.

२६ मार्च
पत्रा जबरदस्त. घरात मोबाईलला रेंजची एक कांडी येत नाही. रेडिएशन पूर्ण बंद. व्हिडिओ बघायला बाहेर यावं लागतं. रेंज बरी मिळते ती श्रीमंतच्या भिंतीशी, तिथं उभं राहून बघितले.

सकाळी श्रीमंत चहाला आला होता. पत्र्यापाशी उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि परत गेला. आमच्या गावात दार वाजवायची कुणालाच सवय नाही. दुपारी त्याची बायको मालनबाई वाटीत शेंगोळे घेऊन आली. तीही तशीच उभी राहिली आणि वाटी ओट्यावर ठेवून गेली. कुत्र्यानं खाल्ले. पहिला विजय.

शेंगोळे मला फार आवडतात, पण ते असो.

२९ मार्च, शनि अमावस्या
टॉवर चालू झाला. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी अमावस्येला गर्दीत नेटवर्क बसतं आणि गिऱ्हाईक हात जोडून निघून जातं. आज एकही पेमेंट अडकलं नाही. दुकानातला डबा दिवसभर 'पैसे मिळाले' म्हणून बोंबलत होता. रुईच्या माळा दुपारीच संपल्या.

डोकं आज दुखलं नाही. गडबडीत लक्ष नव्हतं.

३० मार्च, पाडवा
श्रीमंतनं गुढी गच्चीवर टॉवरच्या शेजारी उभारली. मुद्दाम. माझी गुढी त्याच्या गुढीच्या पायाशी आल्यासारखी दिसते. वर त्याच्याकडून श्रीखंड आलं. मी म्हटलं, परत पाठवा. कलाबाई म्हणाली, तुम्हीच नेऊन द्या. ती परत पाठवणार नाही हे दिसल्यावर खाल्लं. तत्त्व वेगळं आणि सण वेगळा.

७ एप्रिल
शनिदेव पावले.

श्रीमंत गावाला गेलाय बघून त्याच्या गच्चीवर जाऊन आलो. घरात शिरायला अडचण नाही, दार नाहीच. टॉवरच्या बुडाशी मशिनरीची लोखंडी पेटी आहे. त्या पेटीला दार. दाराला कुलूप. शिंगणापुरात कुलूप! ज्या गावात सोनंनाणं उघड्यावर राहतं त्या गावात श्रीमंतनं कुलूप आणलं. रेडिएशन एक वेळ लोक विसरतील, पण हे गाव विसरणार नाही. एक मेच्या ग्रामसभेत त्याला उभा चिरतो.

उतरताना मालनबाईनं बघितलं. नुसती चहा ठेवू का म्हणाली. घाईत प्यायलो.

१९ एप्रिल
अश्विनीचा फोन. तीन वेळा लागला नाही म्हणे. मी पत्र्याच्या आत होतो. ती पुण्यात हेच शिकली, इलेक्ट्रॉनिक्स. तिला भाषणाचे मुद्दे वाचून दाखवले. ती म्हणाली, पप्पा, टॉवर लांब असतो आणि मोबाईल तुमच्या कानाला. आणि रेंज कमी मिळाली की मोबाईलच जास्त जोर लावतो, तुमच्या पत्र्यानं तेच होतंय. मी म्हटलं, तू अजून लहान आहेस. फोन ठेवला तेव्हा कान भाजल्यासारखा झाला होता. टॉवरमुळे.

आणखी एक म्हणाली. श्रीमंतकाकांशी बोला. लहानपणी तुम्ही बाहेरगावी असलात की मला ताप आला तर तेच रात्री उठून घरात यायचे, हाक मारावी लागायची नाही.

भाषणात हे घालता येणार नाही.

३० एप्रिल
तयारी पूर्ण. आधी कुलूप, मग रेडिएशन, शेवटी 'भाऊच भावाच्या जिवावर उठला' असं म्हणून खाली बसायचं. आरशासमोर करून बघितलं, माझंच मन भरून आलं. कलाबाई दोनदा काहीतरी सांगायला आली. मी 'बरं बरं' म्हटलं. पाठांतरात व्यत्यय नको.

उद्या श्रीमंत संपला.

१ मे
लिहायची इच्छा नाही. पण सुरू केलंय ते अर्धवट सोडत नाही.

सुरुवात जोरात केली. कुलूप म्हटल्यावर सभा शांत झाली. कंपनीचा माणूस आलेला होता, तो उठला आणि म्हणाला, चूक झाली, आम्हाला गावाची रीत माहीत नव्हती, आत हात घालू नये अशी पाटी लावतो. कुलूप लगेच काढून आणलं आणि सरपंचांच्या टेबलावर ठेवलं. माझा अर्ध्या तासाचा मुद्दा तिथं टेबलावर पडला.

मग श्रीमंतची आई, आक्काबाई काकू, पुढं बसली होती तिनं विचारलं, "सहादेवा, तुझ्या चौकटीला बिजागऱ्या हायेत, ते काय हाय?"

मी म्हटलं, पत्रा.

"उघाडतो?"

म्हटलं, उघडतो.

"लागतो?"

म्हटलं, लागतो.

सगळी सभा हसली. त्यात बन्सी सगळ्यात मोठ्यानं.

मी रेडिएशनवर गेलो. श्रीमंतनं माझ्या तोंडचा घास पळवला आणि वर विषही माझ्याच घरावर सोडलं, असं म्हणालो. हे पाठांतरात नव्हतं, रागात आलं. तेव्हा कंपनीचा माणूस जरा गोंधळून म्हणाला, आमची पहिली पसंती तुमचीच गच्ची होती. घर बाईंच्या नावावर, त्यांची सही लागत होती. बाई नको म्हणाल्या.

सगळ्या माना कलाबाईकडे वळल्या. ती पदर सावरून उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही.

"यांनीच मला मोबाईलवर पाठवलं हुतं, टॉवरखाली ऱ्हानाऱ्या मानसाचा मेंदू वाळतो म्हनून. समद्या पावन्यारावळ्यान्ला बी पाठवलं. मला वाटलं, एवढं पाठवत्यात तर खरं आसंल. मी सही न्हाई केली. यांना तवा बी सांगितलं, काल बी सांगाय गेले. हे मोबाईलमदी हुते. बरं बरं म्हनले."

मला तो मेसेज आठवत नाही. आला असेल, पुढं ढकलला असेल. मी रोज ढकलतो.

मग श्रीमंत. मान खाली घालून म्हणाला, "दादा, मी बी विचारलं हुतं. चहाच्या येळंला. वैनी न्हाई म्हनल्यात, मंग मी घेऊ का म्हनलं. तुमी बरं बरं म्हनला. मी मालनला जाऊन सांगितलं, दादाची परवानगी हाय."

भाषणाचा शेवट राहिला. तसाच खाली बसलो.

२ मे, सकाळ
बन्सीनं पत्रा उतरवला. बिजागऱ्या काढताना शीळ घालत होता.

डोकं शांत आहे. वाईट वाटतंय, ते लिहून टाकतो. महिनाभर तो माणूस पत्र्यासमोर येऊन परत जात होता आणि मी त्याला विजय म्हणत होतो.

पण पराभव मानून चालणार नाही. तो मेसेज मुळात मला कोणी पाठवला ते शोधायचं. खरा गुन्हेगार तो. त्याला सोडायचा नाही. आज सकाळपासून मोबाईलवर जुने मेसेज मागं मागं जात शोधतोय.

२ मे, संध्याकाळ
गुन्हेगार अजून सापडला नाही. डिसेंबरपर्यंत पोचलोय.

दुपारी टेम्पो आला. चार माणसांनी आमच्या अंगणात, ओट्याला लागून, एक मोठं हिरवं धूड उतरवलं. टॉवरचा जनरेटर. लाईट गेली की हाच चालणार. मी आवाज चढवला तर कंपनीचा माणूस म्हणाला, सकाळीच श्रीमंतरावांनी तुम्हाला विचारलं. त्यांच्या अंगणात जागा नाही, तुमच्याकडे ठेवू का म्हणून.

सकाळी श्रीमंत आला होता खरा. चहा प्यायला, ओट्यावर नेहमीच्या जागी बसला. बोलला काहीतरी. बराच वेळ बोलला. मी डिसेंबरात होतो.

साडेसहाला लाईट गेली. जनरेटर सुरू झाला. चौकटीत पडदा आहे, त्यातून धूर आत येतोय. कलाबाई कानाशी येऊन ओरडून विचारत होती, तुम्ही हो कसं म्हणालात.

मी सांगितलं, नीट विचार करून म्हणालो.