रुचीच्या कागदावरच्या गाड्या

दवनीवाडा, शुक्रवार

ती. शामकलाताईस,

धाकट्या ईश्वरदासचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा दमा कसा आहे ते कळव. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते आणि मला सध्या कोणाचाच भरवसा वाटत नाही. म्हणून तुमच्या नागपूरला निघालेल्या शेजारच्या सुकरामच्या हाती हे पत्र देतो आहे. (पाकीट उघडलेले वाटते का, ते आधी पाहा.)

आपली रुची बारावी झाली आणि कॉलेजवाल्यांना आमचा पत्ता लागला. ज्या घराकडे पोस्टमन वर्षभर फिरकत नाही, तिथे रोज चकचकीत पुस्तके येऊन पडतात. मुखपृष्ठावर हिरवळीवर बसून हसणारी पाच मुले. मला तिथेच शंका आली. अभ्यास करणारी मुले इतकी हसत नाहीत. नीट पाहिले तर तीच पाच मुले तीन वेगवेगळ्या कॉलेजांच्या पुस्तकांवर निघाली! (तुझ्या भावजयीला, रेणूला, दाखवले तर ती म्हणाली, हुशार असतील.)

धानाचे बियाणे घेताना आपण पिशवीवरचा फोटो बघत नाही. गेल्या साली ज्याने ते पेरले, त्याच्या बांधावर जाऊन लोंब्या बघतो. कॉलेजही असेच निवडायचे असे मी ठरवले. रोज फोन करून हिंदीत गोड बोलणाऱ्या एका मॅडमना म्हटले, तुमच्याकडे शिकून निघालेला एक तरी माणूस दाखवा. मॅडमची हिंदी तिथेच संपली. मग हळूच आवाज आला, "काका, मी आपल्या गल्लीतल्या निर्मलाबाईची रिंकू. मी तिथंच शिकली नं! रुचीले नोका धाडू. मी आता इथंच बसून लोकाइले फोन करून राहिली." पीक बघायला बांधावर जावेच लागले नाही.

तेव्हापासून मी घरातल्यांवरही नजर ठेवू लागलो. परवा रुचीच्या दप्तरात माझा हात गेला (सहज गेला) आणि एक कागद सापडला. त्यावर बारा कॉलेजांची नावे आणि प्रत्येकापुढे गाडीची वेळ. ताई, अभ्यासाच्या पोरीला गाड्या कशाला लागतात? सगळ्यात वर अकोल्याचे कृषी महाविद्यालय, ज्याच्यासाठी तिने दोन वर्षे पुस्तकातून डोके वर काढले नाही, त्यावर काट मारलेली. खालच्या आठांवरही काट. उरली ती जवळची, भंडाऱ्याकडची तीन. कोण्या पोराचे प्रकरण असणार, पळून जायचा बेत असणार, असे धरून मी तडक गोंदिया स्टेशन गाठले आणि चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाला अर्धा तास पिडले. एकही वेळ जाणाऱ्या गाडीची नव्हती. सगळ्या गोंदियाला परत येणाऱ्या गाड्या!

घरी येऊन रेणूला विचारले, तर ती माझ्यावरच उखडली. "तुमाले काऊन समजत नाही जी? धानाच्या रोवण्यात तुमी चक्कर येऊन बांधीतल्या चिखलात पडले, तवापासून पोरगी मोजून राहिली, किती घंट्यात घरी येता येते. दोन घंट्यांच्या पुढचं सारं कॉलेज काटलन तिनं."

मला आधी राग आला. चक्कर मला आली आणि कॉलेज तिचे कापले गेले. मग गोठ्यात जाऊन मी रडलो. बैलांशिवाय कोणी पाहिले नाही, असे वाटते.

तुझा,
ईश्वरदास

ता. क. सोमवारी अर्जाची मुदत संपते. त्याआधी तू रुचीला फोन कर आणि अकोल्याचे नाव पहिले टाकायला लाव. मी सांगितले तर तिला वाटेल, बाप काहीतरी लपवतो आहे. (भारी संशयी पोरगी. कोणावर गेली, कळत नाही.) तिला सांग, ती चक्कर उन्हाची होती, बाबा ठणठणीत आहे.

ता. क. दुसरे. गोंदियाच्या डॉक्टरांनी माझे हृदय नागपूरला दाखवायला सांगितले आहे. उशीर नको म्हणाले. तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तारीख घेऊन ठेव, पण मंगळवारची घे.