ताईचा झोत

दि. ४ मार्च
पहिला थांबा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जमिनीपासून आकाशात गेलेल्या दोराच्या पहिल्या थांब्यावर सुखरूप पोचलो. आईला सांग, नीट जेवतो, नीट झोपतो. त्यातलं झोपेचं तेवढं खोटं आहे. पाळणा दोरावरून वर चढताना खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच.

तेवढ्यात दिवे दोनदा मंद झाले. म्हटलं, आल्या आमच्या बाईसाहेब! तुमच्या जमिनीवरच्या खोलीतून सुटणारा प्रकाशाचा झोत पाळण्याखालच्या पत्र्यावर पडतो, त्यावरच आमची मोटार आणि दिवे चालतात. तू तो दोनदा मिचकावलास की वर कळतंच. पाळण्यातला माझा जोडीदार ब्रेककडे धावला. मी त्याला हसून अडवलं, म्हटलं, ही आमच्या घरची खूण आहे.

परवा दुसऱ्या थांब्यावर जायचंय. तेव्हाही मिचकाव, नाहीतर भीतीनेच जीव जाईल.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझा,
माकड


दि. ५ मार्च

चि. माकडास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चढलास तेव्हा मी कामावर नव्हतेच रे. दाढ ठणकत होती म्हणून रजा घेतली होती. झोत खरोखरच पत्र्यावरून सरकला होता. आणखी जरा सरकता तर मोटार बंद पडून पाळणा घसरला असता, आणि तू ब्रेक अडवून हसत होतास!

आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. आपल्या मिचकावण्याच्या खेळापायी मला झोतावरून काढलंय. ब्रेकचा नवा नियम साहेब तुम्हाला फोनवर सांगतील. त्यामागचं कारण मीच सांगायला हवं, म्हणून वर येणाऱ्या मालाच्या डब्यातून हे पत्र. दिवे मंद झाले की ब्रेक ओढ. खाली मी नाही. आई विचारते, तोंड का उतरलंय. मी दाढेवर ढकलते.

जिवाला जप, एवढाच माझ्यावर लोभ कर.
ताई


दि. ६ मार्च
दुसरा थांबा

ती. ताईस,
शि. सा. न.

पोचलो. अर्ध्या वाटेत दिवे मंद झाले. एकदा, मग परत. तुझं पत्र खिशात होतं, तरी माझा हात थांबला. वाटलं, साहेबांच्या हातापाया पडून तू कामावर परत आली असशील. जोडीदाराने मला ढकलून ब्रेक ओढला, आणि लगेच दिवे साफ गेले. काळोखात दोराला लटकून राहिलो. झोत आल्यावरही मी ब्रेक धरूनच होतो. माझी बोटं जोडीदारानेच सोडवली.

उतरायचं अजून बाकी आहे. साहेबांनी परत बोलावलं, तरी जाऊ नकोस. तू खाली आहेस असं वाटलं की माझा हात थांबतो.

आईला नमस्कार. राग धरू नकोस, लोभ तसाच ठेव.
तुझा,
माकड