टाकीतली मरळ

निघोजे, चाकण
१३ जुलै २०२५

तीर्थरूप दादा,

पाया पडतो. आईचा गुडघा कसा आहे?

आणि पैसे माघारी का धाडले ते मला अजून पटलेलं नाही. मे महिन्यात मी पाठवले, तुम्ही रुपालीच्या फोनवरून तासाभरात परत फिरवले. वर निरोप काय, तर कंपनीच्या पाण्याचा पैसा घरात नको. उजनीत चिलापी मासळी उलटी होऊन काठाला लागली ती काय मी मारली? मी तेव्हा नको ते बोललो. त्यानंतर तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हे कागदावर. रुपाली, बहीणबाई, वाचून दाखवताना काही गाळू नकोस.

माझं काम तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. कंपनीचं घाण पाणी साफ करतात तिथं मी आहे. साफ झालेलं पाणी बाहेर सोडायच्या आधी एका काचेच्या टाकीतून जातं. त्यात मासे ठेवायचे. मासा जिवंत तर पाणी चांगलं. ते मासे माझ्याकडे दिले, कारण कामावर लागताना मीच फुशारकी मारली होती की आमचा बाप उजनीत जाळं टाकतो.

आकुर्डीच्या दुकानातून रंगीत मासे आणायचो. आठवड्यात मरायचे. आमचे सुपरवायझर अर्जुनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मच्छीमाराचं पोर ना तू? तुझ्यापेक्षा माझी मुलगी बरी मासे पाळते." डोकं फिरलं. रविवारी ओढ्यावर गळ टाकून दोन मरळी धरल्या नि टाकीत सोडल्या.

इथं तुम्ही मान हलवली असणार. तुम्हीच शिकवलंय, मरळ वर येऊन तोंडानं हवा घेते, पाण्यात दम नसला तरी तिचं काही अडत नाही. चार महिने एकही मासा मेला नाही. मासा जिवंत म्हणून पाणी कोणी तपासलंही नाही. पाहुणे आले की अर्जुनराव टाकी दाखवायचे. कामगार दिनाला, एक मे रोजी, मला दोन हजार बक्षीस दिलं, टाळ्या वाजवल्या. तुम्ही माघारी धाडले ते तेच.

आमचं पाणी ओढ्यातून इंद्रायणीत जातं, तिथून भीमेत, आणि भीमा तुमच्या होडीखाली. तुमची चिलापी आमच्याच पाण्यानं मेली असं मी म्हणत नाही, मधे कितीतरी गावं नि कारखाने आहेत. पण मरळ वर आली की मी दुसरीकडे बघायचो.

शेवटी राहवेना, गेल्या महिन्यात मरळी काढल्या आणि रोहूची दहा बोटुकली सोडली. जेवणाच्या सुट्टीत बघतो तर पिल्लं तोंड वर करून धापा टाकतायत. चहापर्यंत आठ मेली. ती डब्यात घेऊन दिव्या मॅडमकडे गेलो. त्या पाणी तपासायला नव्या आल्यात. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मी म्हणालो, "फेब्रुवारीपासून."

त्यांनी त्याच दिवशी पाणी सोडणं बंद करायला लावलं. मोठ्या टाकीत खालून हवा सोडायचे पाइप गाळानं बुजले होते, निम्म्या पाण्याला हवाच मिळत नव्हती. तीन दिवस आम्ही गाळ उपसला. अर्जुनराव आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, मरळींचं कालवण करू. मी म्हटलं, "चार महिने काय प्यायल्यात ते ठाऊक आहे ना?" तेव्हा हसले.

नवीन बोटुकली आज सोळा दिवस जगलीत. काल एक पिल्लू उसळून टाकीबाहेर पडलं, ओंजळीत धरून परत सोडलं. केवढं जोरात फडफडत होतं, दादा. काल पोटभर जेवलो.

बक्षिसाचे पैसे ऑफिसात परत केले. नोकरी राहिली आहे. आता पाठवतोय ते गाळ उपसल्याच्या ओव्हरटाइमचे नि पगारातले. जाळ्याला घ्या नाहीतर आईच्या गुडघ्याला, पण या वेळी माघारी धाडू नका.

तुमचा,
सुजित

रुपये चार हजार सातशे.